वडिलांचा शब्द

इतिहासाचा तास आठवीच्या वर्गावर होता आणि मी नेहमीप्रमाणे फळ्यावर सनावळी लिहीत होतो. १८६९, मुंबईतील पहिला पुनर्विवाह. १८७०, पुण्यातील वाद. सुधारकांत अग्रणी न्यायमूर्ती रानडे. एवढे लिहून खडू ठेवतो न ठेवतो तोच मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. वर्गात सहसा न बोलणारी. ती म्हणाली, "सर, रानड्यांची पहिली बायको वारली, तेव्हा त्यांनी विधवेशी का नाही लग्न केले? अकरा वर्षांच्या मुलीशी केले ना?" तिने ते कुठल्याशा मालिकेत पाहिले होते, असे मागाहून कळले.

मी मास्तर. अडचणीचा प्रश्न आला की "चांगला प्रश्न आहे, पुढच्या तासाला बोलू," असे म्हणण्याची आम्हाला सवय असते. मीही तसेच म्हणालो. घंटा झाली आणि मी सुटलो.

पण सुटलो म्हणजे तरी कुठे? घरी तोच प्रश्न माझी वाट पाहत बसला होता. आमच्या घरी तेव्हा पंधरा दिवसांपासून आजोबा आणि नात यांच्यात अबोला होता. आजोबा म्हणजे माझे वडील, नाना. वय चौऱ्याहत्तर, सारी हयात तलाठ्याच्या दप्तरात गेलेली. नात म्हणजे माझी थोरली लेक, नुकतीच बी. एस्सी. झालेली. नानांनी आपल्या एका जुन्या स्नेह्याला शब्द देऊन टाकला होता: दिवाळीत मुलगी पाहायला या. लेकीला पुढे शिकायला बंगलोरला जायचे होते. तिला प्रवेशही मिळाला होता. नाना म्हणत, "मी शब्द दिला आहे." लेक म्हणे, "माझ्या वतीने?" आणि मी, दोघांच्या मधला, चहाचा कप इकडून तिकडे पोहोचवीत होतो. लेकीला हो म्हणालो नव्हतो, नानांना नाही म्हणालो नव्हतो. माझ्या सहनशीलतेची बायको मोठी तारीफ करते. ती तारीफ नव्हे हे आता मला कळू लागले आहे.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. इतिहास मी जो काही शिकलो तो गावच्या वाचनालयाच्या कपाटातून. त्या रात्री रमाबाई रानड्यांच्या आठवणींचे पुस्तक तिथून आणलेले घरी होते, ते पुन्हा काढले. आमच्या कऱ्हाडच्या बाजूच्या माणसाला हे पुस्तक थोडे घरचेच वाटते. रमाबाई माहेरच्या कुर्लेकर, गाव देवराष्ट्रे, म्हणजे आमच्यापासून हाकेच्या नसले तरी एस. टी.च्या अंतरावर. (यशवंतराव चव्हाणही त्याच गावात जन्मले, म्हणून गावकऱ्यांचा अभिमान दुहेरी.) माहेरचे नाव यमुना, जन्म १८६२ चा. १९१० साली, पती वारल्यावर नऊ वर्षांनी, त्यांनी हे पुस्तक प्रसिद्ध केले. मोठ्या माणसाच्या पत्नीने नवऱ्याचे मोठेपण सांगावे म्हणून लिहिलेले पुस्तक. पण सांगता सांगता बाईंनी घरातले सगळे दरवाजे उघडे टाकले आहेत.

वाचकहो, १८७३ सालचा तो ऑक्टोबर महिना डोळ्यांपुढे आणा. माधवराव रानडे तेव्हा पुण्यात न्यायखात्यात होते. वय एकतीस. पहिली पत्नी सखूबाई क्षयाने गेली. सुधारक मित्रांना वाटले, आता हा गृहस्थ पुनर्विवाह करून दाखवील. इतकी वर्षे जे आपण बोलत आलो ते घरात उतरेल. नेमके हेच वडिलांनाही वाटले, आणि त्यांच्या छातीत धस्स झाले. गोविंदराव रानडे कोल्हापूर संस्थानात मोठ्या हुद्द्यावर काम केलेले, जुन्या वळणाचे, मानी. मित्रांची पत्रे मुलाच्या हाती पडू नयेत म्हणून ते टपालावर नजर ठेवून बसले आणि मुलाला विचारण्याआधी मुलीचा शोध सुरू झाला.

माधवरावांनी काय केले? ते भांडले नाहीत. हेच तर सारे अवघड करून ठेवते! त्यांनी विनवण्या केल्या. मला लग्नच नको, म्हणाले. काही महिने तरी थांबा, म्हणाले. विधवेशी करणार नाही असे वचन हवे तर घ्या, पण आता दुसरी मुलगी गळ्यात बांधू नका. बोलता बोलता त्यांनी घरातल्याच एका माणसाकडे बोट दाखवले. त्यांची धाकटी बहीण दुर्गा ऐन विशीत विधवा होऊन माहेरी होती. माझे एकट्याचे कसे होईल याची तुम्हाला काळजी वाटते, मग हिची का वाटत नाही? असा तो सवाल होता. मोठमोठ्या शास्त्र्यांना पुण्याच्या सभेत जे विचारले गेले त्यापेक्षा हा सवाल मला जड वाटतो, कारण तो बापाला विचारलेला आहे आणि ज्या मुलीबद्दल विचारलेला आहे ती त्याच घरात वावरत होती.

गोविंदरावांकडे उत्तर नव्हते. उत्तर नसले म्हणजे वडीलधारी माणसे जे करतात तेच त्यांनी केले. ऐकणार नसशील तर मी करवीरला निघून जातो, तुझा माझा संबंध संपला. झाले! मुलगा गप्प झाला.

मधल्या काळात देवराष्ट्र्याचे कुर्लेकर मुलीसाठी स्थळ शोधत पुण्यात आले होते. माधवरावांनी शेवटचा प्रयत्न म्हणून त्यांनाच गाठले आणि मुलीच्या बापाने पळून जावे असे सगळे स्वतःविरुद्ध सांगितले: मी सुधारक, मी पुनर्विवाहवाला, माझी दृष्टी अधू, मला ऐकू कमी येते, मी विलायतेला जाणार आहे आणि परत आल्यावर प्रायश्चित्त घेणार नाही. कुर्लेकर शांतपणे म्हणाले की हे सगळे भाऊसाहेबांनी आधीच सांगितले आहे, तरी मुलगी इथेच द्यायची असे मी ठरवले आहे. दोन वडीलधाऱ्यांची गाठ आधीच बसली होती. मधे उभा असलेला विद्वान मुलगा त्यात मोजलाच गेला नाही. मग अकरा वर्षांच्या यमुनेला कोण मोजतो?

डिसेंबरात लग्न लागले. नवरदेव मुलीला घेऊन घरी आला, कोणाशी बोलला नाही, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतले. बाहेर सुधारणेचे विरोधक हसत होते आणि सुधारक मित्रांनी माना खाली घातल्या होत्या. ती टीका रानड्यांना जन्मभर पुरली.

मी दरवर्षी वर्गात शिकवतो की रानडे थोर होते, आणि ते होतेच. पण कादंबरी लिहिणारा मनुष्य म्हणून मला त्या बंद दाराचे फार वाटते. विचाराने एवढा पुढे गेलेला माणूस, हाताखाली कारकून, समोर उभे राहणारे पक्षकार; आणि बापाच्या एका धमकीपुढे तो दहा वर्षांचा होऊन बसला. त्यांना भित्रा म्हणणे सोपे आहे. मी म्हणत नाही, कारण त्या दाराची कडी माझ्याही घरात आहे.

पुढची गोष्ट बरी आहे. सासरे आपल्या गावी परतले त्याच दिवशी माधवरावांनी मुलीला वर बोलावून घेतले, तुझे लग्न कोणाशी झाले ते तुला ठाऊक आहे का असे विचारले, आणि पाटीवर अक्षरे काढून द्यायला लागले. वडिलांचा शब्द पाळला. आता आपला पाळायचा, असा काहीसा तो हिशोब असावा. पण या हिशोबाची वसुली कोणाकडून झाली ते पाहा. रानड्यांच्या घरात सावत्र सासू, इतर नातलग बायका आणि विधवा दुर्गा वन्सं अशी आठनऊ बायकांची वस्ती. वर माडीवर नवरा म्हणे, शीक. खाली स्वयंपाकघरात बायका म्हणत, शिकशील तर बघ. एकदा इंग्रजी छापलेला कागदाचा तुकडा हाती आला आणि रमाबाईंनी तो उभ्याउभ्या वाचला. कोणीतरी पाहिले, आणि मग टोमण्यांना मर्यादा राहिली नाही. पुढे १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज निघाला, आणि सभेला जाऊन आलेल्या सुनेला घरात बोलणे बंद, शिवणे बंद, असे दिवस आले. नवऱ्याकडे गाऱ्हाणे नेले तर तो सांगे, उलट बोलू नकोस, सोस, आणि वाचणे सोडू नकोस.

म्हणजे पाहा: बाप आणि मुलगा यांच्यात जी लढाई व्हायची ती झालीच नाही. ती माजघरात उतरली आणि एका पोरवयाच्या मुलीने लढली. आणि तिच्यासमोर कोण उभे होते? दुर्गाबाई. जिच्यासाठी भावाने बापाला तो एक सवाल विचारला होता, तीच विधवा बहीण भावजयीच्या शिकण्याआड उभी राहिली. पूर्वी वाचताना मला त्यांचा राग येई. आता येत नाही. आपल्याला जे मिळाले नाही ते डोळ्यांसमोर दुसरीला मिळताना पाहायचे, हे सोपे नसावे. त्यांनी स्वतः पुस्तक लिहिले असते तर काय लिहिले असते, याचा मी कधी कधी विचार करतो.

आगरकरांचा मार्ग वेगळा. टेंभू हे त्यांचे गाव. आज त्या नावाची पाणी उचलणारी योजना सगळ्यांना ठाऊक आहे, आगरकर निम्म्यांना. गरिबीतून एम. ए. होत आलेला मुलगा आता मोठ्या पगारावर जाईल म्हणून आई डोळे लावून बसलेली, आणि मुलाने पत्रातून कळवले की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरते मिळवून बाकी वेळ लोकांसाठी घालवणार आहे. ते पत्र पाठ्यपुस्तकातून पिढ्यान् पिढ्या वाचले गेले. आईचे उत्तर मात्र कोणी छापले नाही. पुण्यातल्या लोकांनी आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली, १८९५ साली एकोणचाळिसाव्या वर्षी ते खरोखरच गेले. आणि एवढ्या धारदार लेखणीच्या माणसाने घरात पत्नी यशोदाबाईंवर, त्या जुन्या वळणाच्या असूनही, आपली मते लादली नाहीत. हे मला त्यांच्या निबंधांइतकेच मोठे वाटते.

आता कर्व्यांकडे येतो, कारण माझ्या मुलीचे आणि नानांचे कोडे मला तिथे थोडे उलगडल्यासारखे वाटते. धोंडो केशव कर्वे, मुरूडचे. पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली गेली. तेही रानड्यांसारखेच मध्यावर उभे होते; पण त्यांनी ठरवले की करायचे तर विधवेशीच. आणि इथे एक म्हातारा भेटतो, त्याच्याविषयी लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. देवरुखचे बाळकोबा जोशी, कर्व्यांच्या मित्राचे वडील. कोकणातला जुना माणूस, इंग्रजी शिक्षणाचा गंध नाही. त्यांची मुलगी गोदूबाई बालपणीच विधवा झालेली, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातली पहिली विद्यार्थिनी. पुन्हा लग्नाचे काय, असे त्यांनी कर्व्यांना सहज विचारले. विधवेशीच करीन असे उत्तर येताच आपलीच मुलगी पुढे केली. एवढेच. सभा नाही, निबंध नाही. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात लग्न झाले. जुने सगळे आडवे येतात आणि नवे सगळे पुढे ओढतात असे आपण शिकवतो; बाळकोबांना कोणत्या रकान्यात घालायचे?

मुरूडने मात्र आपले काम चोख केले. नवरा-बायको गावी गेल्यावर गावाची बैठक बसली आणि बहिष्काराचे ठराव झाले. कर्वे असतील त्या बैठकीला कोणी बसायचे नाही, आणि भावाने त्यांना घरात घेतले तर त्याच्यावरही बहिष्कार. शिक्षा मुलाची आणि चाबूक आई-भावाच्या पाठीवर. ज्या गावाच्या भल्यासाठी कर्व्यांनी आधी मुरूड फंड काढला होता, त्याच गावात त्यांना स्वतःच्या घराचा उंबरा परका झाला.

इथवर गोष्ट सरळ आहे: शूर तरुण, कठोर वडीलधारे. पण माणूस तरुण राहत नाही! १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर गेला. मुली पाठवायच्या तर पालकांचा विश्वास हवा. म्हणून आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार होणार नाही असे ठरले. आणि मग पुनर्विवाहित आनंदीबाई, म्हणजे स्वतः कर्व्यांची पत्नी, आश्रमाच्या कामापासून कितीतरी काळ दूर ठेवल्या गेल्या. पालकांना काय वाटेल! मुरूडने घरात घेतले नाही ते समजण्यासारखे. नवऱ्याच्या आश्रमानेही बाहेर ठेवावे? शिल्लक पैसा, विम्याची पॉलिसी, सगळे आश्रमाला देऊन टाकले तेव्हा आनंदीबाई नवऱ्याशी भांडल्या. ते त्यांनी 'माझे पुराण' या आपल्या पुस्तकात काही न लपवता, आणि गंमत म्हणजे काही कडवटपणा न ठेवता, सांगितले आहे. सून इरावतीबाईंनीही पुढे या सासऱ्यांवर लिहिले. त्यात आदर आहे, आणि महर्षीच्या घरात नांदणे म्हणजे काय याची जाणीवही आहे. कर्व्यांनी बहुधा मनाशी म्हटले असेल, कामासाठी एवढे सोसावे लागते. गोविंदरावांनीही असेच काही म्हटले असेल, फक्त त्यांच्या 'कामाचे' नाव कुळ असे होते.

आणि मग त्यांचा थोरला मुलगा मोठा झाला. रघुनाथ, पहिल्या पत्नीचा, १८८२ चा जन्म. गणिताचा प्राध्यापक. १९२१ साली त्याने मुंबईत संततिनियमनाचा सल्ला द्यायला सुरुवात केली. हा शब्द चारचौघांत उच्चारायची सोय नव्हती तेव्हाची गोष्ट. कॉलेजातली नोकरी गेली. १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि ते १९५३ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, चालवले. मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. त्यातल्या १९३४ च्या खटल्यात त्याच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. पत्नी मालतीबाई नोकरी करून घर सावरीत राहिल्या. मूल होऊ द्यायचे नाही असे दोघांनी ठरवले होते. ज्या बापाने विधवेशी लग्न करून गाव हलवले, त्याच्या मुलाने विचारले की स्त्रीच्या देहावर हक्क कोणाचा? बापाने शिक्षणापर्यंत आणलेली वाट मुलाने थेट शेजघरात नेली, आणि बापाच्या चाहत्यांनाही घाम फुटला.

इथे बापाने काय केले हे मला सर्वांत बोलके वाटते. धोंडोपंतांना मुलाची वाट आपली वाटली नसेल. त्यांचे काम देणग्यांवर चाले, आणि मुलाचे नाव घेतले की देणगीदार दचकत असणार. पण मुरूडच्या बैठकीत जे ठराव झाले तसले ठराव त्यांनी मुलावर केले नाहीत. मुलगा एका वाटेने गेला, बाप दुसऱ्या. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, बाप भारतरत्न झाला. मुलगा त्याच्या पाच वर्षे आधीच गेला होता, आणि त्याला ओळखायला महाराष्ट्राला पुढची कितीतरी वर्षे लागली. म्हातारे १९६२ पर्यंत, एकशे चार वर्षे जगले. एवढ्या दीर्घ आयुष्यात स्वतःचाच मुलगा आपल्या पुढे निघून गेलेला पाहायला मिळणे, हे सुख म्हणायचे की आणखी काही, मला ठरवता येत नाही.

पुस्तक मिटून मी नानांच्या खोलीत गेलो. ते जागे होते. म्हातारी माणसे रात्री जागीच असतात. काय वाचतोस म्हणाले. मी गोविंदराव रानड्यांची गोष्ट सांगितली, टपालावर नजर ठेवण्यापासून ते करवीरला निघून जाण्याच्या धमकीपर्यंत. वाटले होते, म्हणतील बापाचे बरोबर होते. तलाठ्याला शोभेल असा पूर्ण जबाब त्यांनी ऐकून घेतला आणि म्हणाले, "म्हातारा घाबरला होता रे."

"कशाला?" मी विचारले.

"मुलगा हातचा जाईल म्हणून. रागावलेला माणूस टपाल कशाला चोरून बघेल? तो घाबरलेलाच." मग कुशीवर वळून म्हणाले, "दिवा मालव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रथमच नानांसमोर लेकीला म्हणालो की बंगलोरला जायचे तिचे तिने ठरवले आहे आणि मी तिच्या बाजूने आहे. आवाज थोडा कापला. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाचा कापायला नको होता. नाना काही बोलले नाहीत. संध्याकाळी काठी घेऊन बाहेर पडले ते स्नेह्याकडे गेले असावेत, असा आमचा तर्क. शब्द कसा परत घेतला ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. आजोबा-नातीचा अबोला अजून पुरता सुटलेला नाही. मात्र नरकचतुर्दशीला पहाटे तेल लावताना तिच्याच हाताला तेल जास्त लागले आहे अशी त्यांनी तक्रार केली, आणि तिने त्यांना उलट उत्तर दिले.

आठवीच्या वर्गावर पुढच्या तासाला मी फळ्यावर सन लिहिले नाहीत. बंद दाराची, पाटीची आणि स्वयंपाकघराची गोष्ट सांगितली. मागच्या बाकावरची ती मुलगी सगळे ऐकून घेऊन पुन्हा उभी राहिली. "सर," तिने विचारले, "मग त्या दुर्गाबाईंचे पुढे काय झाले?"